मुकुटबनहून ठेवलेली पाळत

आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. मी मुकुटबनच्या एका जिनिंगच्या आवारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, आफ्रिकेतल्या एका बंदरावर तळ ठोकून असलेल्या चीनच्या फौजेवर पाळत ठेवत होतो, आणि त्या नादात माझ्या बालमित्राची नोकरी घालवली. वाचणाऱ्याला हसू येईल. लिहिताना मलाही आलं. पण यातली पाळत हसण्याजोगी आहे, नोकरी नाही. आणि या दोन्हींच्या मधे मी मित्राला एक वाक्य बोललो होतो, ते तर मी इतकी वर्षं बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

मी कापसाचा ग्रेडर. आमच्या घरात शेत नाही. आजोबा तहसिलीत, वडील शाळाखात्याच्या कचेरीत आणि मी सरकारी कापूस खरेदीत. तरी कापूस मला कळतो, कारण तेच माझं काम. गाडी काट्यावर आली की वरचा थर कधी पाहायचा नाही. वरचा थर प्रत्येकाचा पांढराच असतो. हात कोपरापर्यंत आत खुपसायचा आणि पोटातला कापूस बाहेर ओढायचा. मूठ आवळून सोडायची. कोरडा कापूस फुलून उठतो, ओला मुठीतच बसून राहतो. सरकी दाताखाली धरायची, कट् वाजली तर वाळलेली. एवढं केल्यावर मग तोंड उघडायचं. नोकरीच्या पहिल्या हंगामात मला हे शिकवणारे जुने ग्रेडर म्हणायचे, "बाबू, गाडीवाला हसून राह्यला असन तं हात आणखी आत घाल."

ही गोष्ट बोंडअळीच्या वर्षांतली. बोंड बाहेरून टवटवीत, फोडलं की आत गुलाबी अळी. जो बरा कापूस निघे तो खाजगी व्यापारी गावातूनच उचलून नेत, आणि उरलेली कवडी, म्हणजे अळीने डागी, पिवळा पडलेला कापूस, आम्हाला नियमाप्रमाणे घेता येत नसे. त्यामुळे ऐन हंगामात जिनिंगमधल्या आमच्या खरेदी केंद्रावर तीन जण हजर असत: मी, काट्यावरचा माणूस आणि एक काळं कुत्रं. कुत्रं गाडीची वाट पाहून कंटाळलं की उठून दुसऱ्या जिनिंगला जाई. आम्हाला तशी मुभा नव्हती.

त्याच सुमारास मोबाइलवरचं इंटरनेट पाण्यासारखं स्वस्त झालं. काट्यावरचा माणूस त्यावर कुस्त्या बघे. मी आधी नकाशे बघायला लागलो, मग आकाशातून काढलेले फोटो, आणि त्यातून एक दिवस अशा लोकांच्या गटात जाऊन पडलो ज्यांचा उद्योग हाच होता: दुसऱ्या देशांचे लष्करी तळ फोटोंवरून न्याहाळायचे आणि तिथं किती माणूस, किती सामान, याचा अंदाज बांधायचा. सगळी हौशी मंडळी. कोकणातले एक निवृत्त वायरलेस ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणत. भूगोल शिकवणाऱ्या एक बाई होत्या. दाढा उपटून झाल्यावर फावल्या वेळात पाणबुड्या शोधणारे एक डॉक्टर होते. चीनने आफ्रिकेतल्या एका बंदराशेजारी तळ उभारला होता आणि आमच्या गटाचा जीव त्यात अडकला होता. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही; ज्याची ही गोष्ट आहे त्याला उद्या पासपोर्ट वापरावासा वाटला तर माझ्यामुळे आणखी अडचण नको.

पहिल्याच आठवड्यात माझं नाव झालं. तळाच्या एका कोपऱ्यात हिरव्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक होतं. कोणी म्हणे गाड्या, कोणी म्हणे तोफा. मी फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "हे मऊ सामान आहे. पोती किंवा गाठी. ताडपत्रीच्या मधे पाणी साचून खळगे पडले आहेत. खाली लोखंड असतं तर ताडपत्रीला धार दिसली असती." जन्मभर जिनिंगच्या आवारात झाकलेल्या कापसाच्या गंज्या पाहिलेल्या माणसाला यात काय अवघड? पुढच्या फोटोत ताडपत्री काढलेली होती आणि खाली सिमेंटची पोती. काकांनी अंगठा दिला. बाईंनी लिहिलं, "ग्रेडरसाहेब, कमाल!"

साहेब! केंद्रावर मला साहेब म्हणणारा त्या वर्षी कोणी आलाच नव्हता.

मग मी सुटलोच. जिथं माणूस रोज चालतो तिथली जमीन उजळते, हे हमालांच्या वाटांवरून मला ठाऊक होतं. त्यावरून तळावरचे शिपाई झोपतात कुठे, जेवतात कुठे, हे मी सांगू लागलो. वाळत घातलेल्या कपड्यांच्या ओळींवरून नवी तुकडी आली की नाही ते सांगू लागलो. जेवताना ताटाशेजारी मोबाइल असे. बायको एकदा वरण वाढता वाढता म्हणाली, "चीनवाल्यायचे कपडे वाळले काय?"

"का गं?"

"आपले सकाळपासून बाहेर आहेत. आभाळ आलं. तेवढी नजर इकडंबी टाका."

आता मित्राकडे येतो. त्याला सगळं गाव मिस्त्री म्हणतं, मीही तेच म्हणेन. त्याचं गॅरेज जिनिंगच्या फाटकासमोर. बाप मेकॅनिक, आजा मेकॅनिक. ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, जे डिझेल पितं ते सगळं तो दुरुस्त करतो. आम्ही पहिलीपासून एका बाकावर. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे आणि दिवाळीची करंजी त्याच्याकडे जाते, आणि दोन्ही घरच्या बायका डबा परत करताना रिकामा करत नाहीत, एवढं जुनं. बोंडअळीच्या वर्षांत लोकांचे ट्रॅक्टर झाडाखाली उभे राहिले आणि मिस्त्रीचं गॅरेज बसलं. त्याची मुलगी यवतमाळला नर्सिंग शिकत होती. ती घरातली पहिली मुलगी बाहेरगावी शिकायला गेलेली. तिचा कोर्स पुरा व्हायचा तर बापाने काहीतरी करणं भाग होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, चष्मा लागलेला, कोणा एजंटामार्फत परदेशात गेला: बंदरावरच्या क्रेन आणि जनरेटर सांभाळायला. करार दोन वर्षांचा. मुलीचा कोर्सही तेवढाच उरला होता.

आणि बंदर कोणतं? तेच. देवाशपथ सांगतो, त्याच्या जाण्यात माझा काही हात नव्हता. पण त्याने पहिल्या फोनवर गावाचं नाव सांगितलं तेव्हा मला मित्राच्या खुशालीपेक्षा मोठा आनंद झाला, हे मात्र कबूल करतो.

तो शुक्रवारी नमाजनंतर व्हिडिओ कॉल लावी. तिथं सुट्टी, इथं माझी कायमचीच सुट्टी. खोलीत त्याच्यासोबत आणखी कोणी कोणी राहत, तो सगळ्यांना माझी ओळख करून देई, "ये मेरा दोस्त है, कपास का डॉक्टर." मग आमच्या वऱ्हाडीवर येई.

"काय बे ग्रेडर, गाड्या आल्या का?"

"एक आली होती. रस्ता विचारायले."

"इथं ये. इथं काम लय आहे, फकस्त सावली नाही. सकाळी क्रेनवर चढलो का दिवसभर समुद्र पाहत बसतो. पहिले दोन दिवस बरं वाटलं. आता वाटते, एखादी म्हैस दिसावी."

"क्रेनवरून तो तळ दिसते काय रे?"

"कोणता?"

"चीनचा."

"दिसते न. भिंतीच्या पलीकडेच आहे. सकाळी सगळे रांगेत उभे राहून हात-पाय हालवते. आपल्या पीटीच्या सरांसारखा एक जण शिट्टी मारते."

मला झोप येईना, इतका मी हुरळलो. पण त्या वेळी मी त्याच्याकडे काही मागितलं नाही. इथवर मी गमतीचा माणूस होतो. पुढचं ऐका.

काही महिन्यांनी नव्या फोटोत तळाच्या मागच्या भिंतीला लागून पांढऱ्या लांब लांब ओळी दिसल्या. पाठी गोल, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. मी जाहीर केलं: तंबू. नवी तुकडी येत आहे. गटात खळबळ उडाली. काकांना पटलं नाही. त्यांनी शांतपणे लिहिलं, "ग्रेडरसाहेब, तुम्हीच आम्हाला पायवाटा बघायला शिकवलं. या ओळींकडे जाणारी वाट झोपायच्या इमारतींकडून येत नाही, स्वयंपाकघराकडून येते. हे कोठार असेल."

वाट खरोखरच स्वयंपाकघराकडून येत होती. मी ती पाहिली होती. पण माझा अंदाज अगोदर गटात पोचला होता, त्याला साठ-सत्तर अंगठे मिळाले होते, आणि मला तुकडीच हवी होती. ग्रेडरने एकदा भाव बोलून टाकला की गाडीसमोर तो मागे घेणं जड जातं, तशातला प्रकार. मी लिहिलं, "पुरावा देतो."

शुक्रवारी मिस्त्रीचा फोन आला. मी केंद्रावरच होतो. तो खोलीत पलंगावर बसलेला, हात नुकतेच धुतलेले. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विषय काढला. क्रेनवरून एक फोटो. फक्त एक. मागच्या भिंतीकडचा.

"ना बाप्पा," तो म्हणाला. "इथं कामावर मोबाइल खिशातून काढला तरी सेक्युरिटीवाला वरडते. पहिल्याच दिवशी सही घेतली सगळ्यायची. फोटो काढाचा नाही म्हणजे नाही."

"जेवणाच्या सुट्टीत काढ. कोण पाहते तेवढ्या वर?"

"अबे, करार आहे माहा. पोरीचं आणखी सव्वा वर्ष आहे. तुले कायले पाहिजे पण तो फोटो?"

मी खरं सांगायला हवं होतं: एका रिटायर माणसाशी पैज लागल्यासारखं झालंय, आणि मला जिंकायचं आहे. ते सांगायची लाज वाटली. म्हणून मी हसत हसत, अगदी सहज, म्हणालो, "देशासाठी एवढं नाही करत काय बे?"

मग तोही हसला. पलंगाच्या दांडीवर हात पुसायचा बोळा टाकलेला होता, तो त्याने उचलला आणि हात पुसायला लागला. हात स्वच्छ होते. एकेक बोट वेगळं धरून त्याने पुसलं. मला वाटलं नेटवर्क अडकलं, म्हणून आवाज येत नाही.

"पाहतो," तो म्हणाला.

दोनच दिवसांत फोटो आला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी तो मोठा करून पाहिला आणि केंद्राच्या त्या ओसाड आवारात एकटाच ओरडलो, ते विजयाने नव्हे. पांढऱ्या ओळी म्हणजे प्लास्टिकचे बोगदे होते. एकाचा पडदा वर गुंडाळलेला होता आणि आत हिरवीगार पालेभाजी. एक शिपाई उकिडवा बसून ती खुडत होता, आणि त्याच्या शेजारी टोपली. इतक्या लांबून काय ओळखू येणार, पण मला तो पालकच वाटला.

जगातली एक महासत्ता समुद्रापार पालक लावत होती आणि मी त्यावर पाळत ठेवून होतो.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. काकांना फोन करून "तुम्ही जिंकलात" म्हणायचं आणि फोटो पुसून टाकायचा. पण हरण्यातही माझा रुबाब राहावा असं मला वाटलं. मी फोटो गटात टाकला आणि वर लिहिलं, "आमच्या माणसाकडून थेट. काका बरोबर होते." बघा, किती दिलदार. फोटोच्या एका कडेला क्रेनचा पिवळा दांडा आला होता आणि त्यावर काळ्या रंगात क्रेनचा नंबर. तो कापून टाकावा असं मनात आलं होतं. पण त्या दांड्यामुळेच फोटो अस्सल वाटत होता. मी नाही कापला.

गटातून तो कुठे कुठे गेला. शेवटी एका व्हिडिओवाल्याच्या हाती लागला. त्याने पालकाच्या बोगद्यांवर लाल बाण काढले, मागे ढोलाचं संगीत लावलं आणि त्यांना क्षेपणास्त्रांचे गुप्त निवारे करून टाकलं. लाखो लोकांनी तो पाहिला असावा. तो पाहताना माझी पहिली भावना काय होती? राग. त्याने आमच्या गटाला श्रेय दिलं नाही म्हणून. क्रेनचा नंबर पडद्यावर स्पष्ट वाचता येत होता आणि मी श्रेय शोधत होतो.

मिस्त्रीचा फोन मंगळवारी आला, शुक्रवार नसताना.

"ग्रेडर, नागपूरले घ्यायले येशीन काय? परवा उतरून राह्यलो."

"सुट्टी मिळाली?"

"हो न. लंबी."

विमानतळाच्या दारातून तो बाहेर आला तेव्हा रंगाने रापलेला, अंगाने निम्मा झालेला होता. एक बॅग, आणि दुसऱ्या हातात माझ्या बायकोसाठी खजुराचं खोकं. गाडीत बसल्यावर त्याने आपणहून सांगितलं. बंदराच्या ठेकेदाराच्या माणसांनी त्याला बोलावलं आणि टेबलावर फोटो ठेवला.

"विचारलं, ही क्रेन कोणाची? मी म्हणलं, साहेब, क्रेन माही, फोटोबी माहा. पालक तेवढा त्यायचा."

"असं म्हणलास?"

"मनात म्हणलं. तोंडानं येस सर म्हणलं." तो हसला. मग काचेतून बाहेर बघत म्हणाला, "घरी मी सांगितलं का डोळ्याले खारी हवा सोसली नाही, म्हणून डॉक्टरनं वापस पाठवलं. तूबी तेच सांगजो. तुह्या भाभीले फोटोबिटोचं काही समजणार नाही, उगाच तुह्या नावानं बोलत बसन."

म्हणजे नोकरी त्याची गेली होती आणि झाकत मला होता. जामच्या चौफुलीवर आम्ही चहा घेतला. मी नागपूरपासून शब्द जुळवत होतो. चहाचा कप ठेवत मी म्हणालो, "वाईट झालं रे." जसं काही गारपीट झाली. तो म्हणाला, "चहा गोड लय आहे इथला," आणि आम्ही उठलो. वणीच्या अलीकडे राजूरकडचे कोळशाचे ट्रक लागले. त्यांच्या मागे मागे सरकताना दोघांच्याही तोंडात धूळ होती. न बोलायला ती सबब मला पुरली.

मुलीचं एक वर्ष राहून गेलं. ती वणीच्या एका दवाखान्यात पेशंटच्या नावाच्या चिठ्ठ्या फाडायला बसली आणि पुढच्या वर्षी परत यवतमाळला गेली. मी माझ्या परीने धावपळ केली. जिनिंगच्या मालकाशी बोलून मशीनच्या देखभालीचं काम मिस्त्रीला मिळवून दिलं, पाटणबोरीकडचे दोन-चार ट्रॅक्टरवाले त्याच्याकडे वळवले. गटातून बाहेर पडलो. ते त्याला सांगितलंही नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. आमचा चहा पुन्हा सुरू झाला. फक्त बाजाराच्या दिवशी भाजीवालीसमोर मी दिसलो की तो रस्त्यापलीकडून ओरडे, "ग्रेडर, पालक नीट पाहून घेजो बे! आत कोण लपलं काय माहीत!" लोक हसत. त्यांना अर्थ ठाऊक नव्हता. मीही हसे.

मुलगी पास झाली, नागपूरला एका मोठ्या इस्पितळात लागली. पेढे घेऊन मिस्त्री सगळ्यांत आधी आमच्याकडे आला. त्या रात्री मी स्वतःला सांगितलं, चला, झालं, हिशेब मिटला. आणि माझी झोप काही फार वाईट नव्हती, हेही सांगतो. अपराध्याला झोप लागत नाही म्हणतात, तो माझा अनुभव नाही. मला लागे. तो हसला होता ना, मग त्याला काही वाटलं नसेल, असं मी धरून चाललो होतो. मी, गाडीवाला हसताना दिसला की हात आणखी आत घालणारा.

मग यंदाच्या हंगामातली गोष्ट. केंद्रावर नवे इंचार्ज आले. तरुण, हुशार, मनाने चांगले, नागपूरकडचे. दुपारी आम्ही सगळे समोरच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. टीव्हीवर क्रिकेटची मॅच, तीच, जिच्या दिवशी रस्ते ओस पडतात. मिस्त्री जिनिंगचा पट्टा बदलून तिथंच आला आणि बाकावर टेकला. इंचार्ज साहेबांनी भजं उचललं आणि हसत हसत, अगदी सहज, विचारलं, "काय मिस्त्री, आज खरं सांगा हं. मनातून कोण जिंकावं वाटून राह्यलं?"

दोघं-तिघं हसले. मग मिस्त्रीही हसला. खांद्यावरचा बोळा काढला आणि हात पुसायला लागला. चहाला यायच्या आधी त्याने हात धुतले होते, नळावर मीच पाणी सोडलं होतं. एकेक बोट वेगळं धरून तो पुसत होता.

"साहेब," तो म्हणाला, "माह्या मनात तं एवढंच आहे का लाइट जाऊ नये."

सगळे खदखदून हसले. साहेबही. मी मात्र कप खाली ठेवला. तो पलंग, ती दांडी, तो बोळा, सगळं समोर उभं राहिलं. नेटवर्क अडकलं नव्हतं त्या दिवशी.

मी म्हणालो, "साहेब, हे मले विचारा न."

"तुम्हाला काय विचारायचं?" साहेब म्हणाले.

"तेच म्हणतो मी. मले कोणी विचारत नाही."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी म्हटलं ना, मनाने चांगले आहेत. मिस्त्रीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हॉटेलवाल्याला म्हणाला, "आवाज वाढव न बे, विकेट गेली वाटते." पुढे सगळं पूर्ववत झालं. पण साहेबांना ऐकवल्याचं समाधान मला रस्ता ओलांडेपर्यंतच पुरलं. साहेबांनी मॅचपुरतं विचारलं होतं. मी तर तोच संशय वापरून काम करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर न जाता आधी गॅरेजात गेलो. एक लाल ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्याखालून दोन पाय बाहेर आलेले, चपलांसकट.

"मिस्त्री."

"आला काय? तो चौदाचा पाना दे."

दिला.

"मले तुले एक सांगाचं आहे."

"सांग न. कानाले थोडंच ग्रीस लागलं."

"बाहेर ये."

"कायले?"

"तुह्या चपलायशी बोलता येत नाही मले."

तो सरपटत बाहेर आला, उठून बसला, चष्मा कपाळावर सरकवला. "काय झालं? घरी सगळे बरे आहे न?"

"त्या फोटोचं बोलाचं आहे."

"पालकाचं?" तो हसायला लागला. "अबे सोड न आता. पोरगी लागली कामाले. मी आलो घरी. त्या क्रेनवर तं मले चक्कर ये रोज, तुले सांगितलं नाही कधी. काल साहेबाले बोलला म्हणून डोक्यात आलं काय तुह्या?"

"नोकरीचंबी आहे. क्रेनचा नंबर मी पाह्यला होता अन् मुद्दाम ठेवला होता, ते तुले माहीत नाही. पण पहिले दुसरं आहे."

त्याचा हात बोळ्याकडे गेला. तो मी आधीच उचलून माझ्याकडे घेतला. आता त्याचे काळे हात नुसते मांडीवर होते आणि तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "तू नाही म्हणत होता, तेव्हा मी तुले म्हणलं, देशासाठी एवढं नाही करत काय. आमच्या गटातल्या काकाले मी असं कधी म्हणलो नसतो. त्यायचं नाही म्हणजे नुसतं नाही, त्यात देश कोणी काढला नसता. तुले म्हणलो, कारण मले माहीत होतं का ते ऐकल्यावर तुले नाही म्हणता येणार नाही. माहीत असून म्हणलो, अन् हसून म्हणलो. जामच्या चहावर मी तुले बोललो का वाईट झालं. झालं नव्हतं ते. मी केलं होतं. माफ कर मले."